मावशीच्या फोनमधलं माजघर

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात मावशीचा फोन ओट्यावरून फरशीवर पडला. काच कोपऱ्यापासून तडकली. चित्र सगळं दिसत होतं, पण बोटाला पडदा दाद देईना. फोन वाजायचा, कोणाचा ते दिसायचं, पण उचलता यायचा नाही. शेजारच्या काकूंच्या फोनवरून तिने मला प्रेसमध्ये गाठलं. म्हणाली, "अगं, माझी वही गेली."

मावशी सदाशिव पेठेत, पेरूगेटच्या जवळ राहते आणि बरीच वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. आधी खरोखरची वही होती, लाल पुठ्ठ्याची. २०२० साली तिच्या मुलाने हिशेबाचं एक ॲप फोनमध्ये घालून दिलं आणि वही मागे पडली. कोणाला किती किलो, कोणाकडे किती बाकी, कोणाचे अनारसे कमी गोड, कोणाच्या चकलीत तीळ नकोत, कोणाचं पार्सल अमेरिकेला जायचं म्हणून नवरात्राच्या आधी हवं, हे सगळं त्या ॲपमध्ये. ऑर्डरी येतात व्हॉट्सॲपवर, आणि त्यातल्या निम्म्या बोलून पाठवलेल्या. पैसे जमा झाल्याचे निरोप बँकेच्या एसएमएसमध्ये. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि यातलं काहीही कागदावर नव्हतं.

मी अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रेसमध्ये डीटीपी करते. दिवसभर फायलींचंच काम, आणि संध्याकाळी निघताना दिवसाचं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय मी कॉम्प्युटर बंद करत नाही. त्यामुळे केबल लावू, कॉपी करू, तासाभरात होईल, असं मी मावशीला सांगून टाकलं. तीन संध्याकाळी गेल्या. त्या तीन संध्याकाळींत जे कळलं ते कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी दुरुस्तीच्या दुकानात विचारलं होतं. डिस्प्ले बदलून मिळेल, पण डेटाची जबाबदारी आमची नाही, असं ते म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. आजच्या ॲन्ड्रॉइड फोनमधला साठा एन्क्रिप्ट केलेला असतो, म्हणजे कुलपात असतो, आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या हार्डवेअरला बांधलेली असते. उघडताना बोर्डच गेला, तर मेमरीची चिप काढून दुसरीकडे वाचायची सोय उरत नाही. म्हणून ठरवलं, कोणाचाही स्क्रू-ड्रायव्हर लागायच्या आधी कॉपी.

पण केबल लावून काही होईना. फोनचं नाव कॉम्प्युटरवर दिसलं, आत फोल्डर रिकामा. कारण साधं आहे: फोन लॉक असेल तर तो कॉम्प्युटरला काहीच दाखवत नाही. आधी पॅटर्न काढून उघडायचा, मग यूएसबीच्या सूचनेवर जाऊन 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं. आणि इथे तर पडद्याला बोट कळत नव्हतं.

उपाय निघाला तो माउसचा. ओटीजीचा छोटा कनेक्टर मिळतो, एका बाजूने फोनमध्ये जातो, दुसऱ्या बाजूला यूएसबीचं भोक. त्यात साधा माउस लावला आणि फोनच्या पडद्यावर बाण उमटला. मावशीने बाण पहिल्या ठिपक्यावर नेला, बटण दाबून धरलं आणि तिची ती उलट्या यूसारखी खूण ओढली. फोन उघडला. माउसचं उजवं बटण म्हणजे मागे जाणं, चाक म्हणजे वरखाली; पाच मिनिटांत तिचा हात बसला.

पुढची अडचण अशी की फोनला भोक एकच. माउस लावला तर केबल कुठे लावणार? तेव्हा माझ्या लेकाचा ब्लूटूथ माउस मागवून घेतला. तारेच्या माउसने फोनचं ब्लूटूथ उघडलं, दुसरा माउस जोडला, मग तारेचा काढून टाकला. भोक मोकळं झालं. पडदा फुटलेल्या कोणाच्याही फोनसाठी ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. चित्र दिसतंय तोवर फोन गेला असं समजू नका.

केबलचीही एक गोष्ट सांगायला हवी. मावशीकडे तीन केबली होत्या. तिन्हींवर फोन चार्ज होत होता आणि एकीवरही कॉम्प्युटरला फोन दिसत नव्हता; माझ्या पिशवीतल्या केबलवर दिसला, पण ती हलवली की सुटायची. कित्येक स्वस्त केबलींत विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन घातलेल्याच नसतात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तापकीर गल्लीत गेले आणि "चार्जिंगची नको, डेटावाली द्या" असं म्हणून चांगली केबल घेतली. दुकानदाराने तिथेच लॅपटॉपला लावून दाखवली. तेवढं दाखवायला सांगाच.

आता मुख्य काम. फोटो पहिल्या फटक्यात उतरले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. व्हॉट्सॲपचा फोल्डर मात्र अडला. तो असतो 'ॲन्ड्रॉइड' फोल्डरमधल्या 'मीडिया'मध्ये, 'कॉम डॉट व्हॉट्सॲप' या नावाने. साईज फार नव्हता, पण फायली पस्तीस हजारांच्या वर. विंडोजच्या खिडकीतून ओढून टाकल्या तर बराच वेळ मोजणीच चालली, मग कॉपी सुरू झाली आणि मध्येच थांबली. किती आल्या, किती राहिल्या, काही कळेना. फोन आणि विंडोज ज्या पद्धतीने बोलतात ती, एमटीपी, मोठ्या थोड्या फायलींना बरी. बारीक बारीक हजारो फायलींना ती दमते.

तेव्हा दुसरी वाट धरली, एडीबी. हे गूगलचंच फुकट मिळणारं छोटं साधन आहे, प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचं. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारायची, म्हणजे 'डेव्हलपर ऑप्शन्स' नावाचं पान उघडतं. त्यात 'यूएसबी डिबगिंग' चालू करायचं. केबल लावली की फोन विचारतो, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का? तिथे होकार द्यायचा. हा होकार फोनच्या पडद्यावरच द्यावा लागतो, म्हणून आमच्या माउसने इथे दुसऱ्यांदा लाज राखली. त्याच पानावर 'स्टे अवेक' आहे, तेही चालू केलं, म्हणजे चार्जिंग चालू असेपर्यंत पडदा मालवत नाही.

कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी असते, तिच्यात आधी 'एडीबी डिव्हायसेस' असं टाइप केलं. फोनचा क्रमांक आणि पुढे 'डिव्हाइस' असा शब्द आला. (होकार दिला नसेल तर तिथे 'अनऑथराइज्ड' येतं.) मग 'एडीबी पुल', त्यापुढे उणे चिन्ह आणि ए, आणि फोल्डरचा पत्ता. ते उणे-ए विसरू नये. त्याने प्रत्येक फाइलची मूळ तारीख तशीच राहते, नाहीतर सगळ्या फायलींवर आजची तारीख पडते आणि दहा वर्षांचा कारभार एका दिवसात झाल्यासारखा दिसतो. जेवण होईपर्यंत कॉपी संपली. शेवटच्या ओळीत किती फायली आल्या तो आकडा आणि पुढे 'झिरो स्किप्ड'. ती ओळ मी मावशीला वाचून दाखवली.

मग आम्ही आत बघत बसलो. आवाजी निरोपांच्या फोल्डरमध्ये वर्ष आणि आठवडा जोडून केलेली उपफोल्डरं असतात: २०२१४२ म्हणजे २०२१ सालचा बेचाळिसावा आठवडा, म्हणजे ऐन फराळाचे दिवस. आतल्या प्रत्येक फाइलचं नाव 'पीटीटी'पासून सुरू होतं, पुढे तारीख, शेवटी 'ओपस'. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये एक लावली. एक बाई सांगत होत्या, "मावशी, मागच्या वेळी चिवडा छान होता, पण शेंगदाणे जरा जास्त तळले गेले होते हं." मावशी लगेच म्हणाली, "त्या डहाणूकर कॉलनीतल्या. यांना डाळं जास्त लागतं." नाव नाही, नंबर नाही, नुसत्या आवाजावरून.

इथपर्यंत मी खुशीत होते. हिशेबाचं ॲप राहिलंच होतं, आणि मला वाटत होतं की तेही कुठल्या तरी फोल्डरमध्ये असेल. सगळा फोन धुंडाळला. कुठेच नाही.

तेव्हा मला फोनची रचना कळली, आणि या सगळ्यात समजून घेण्यासारखी गोष्ट तीच आहे. जुन्या वाड्याला ओसरी असते आणि माजघर असतं. ओसरीवर कोणीही येतं, बसतं, पाणी पितं. माजघरात घरचीच माणसं. फोनचंही तसंच. फोटो, डाउनलोड, व्हॉट्सॲपचे फोटो आणि आवाज हे ओसरीवर. पण प्रत्येक ॲपचं स्वतःचं माजघर वेगळं, आणि एका ॲपला दुसऱ्याच्या माजघरात पाऊल टाकता येत नाही. ॲन्ड्रॉइड प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता धरून वेगळा क्रमांक देतं. केबल आपल्याला ओसरीपर्यंतच नेते. कॉम्प्युटरवर फोन उघडून जे दिसतं तो सगळा फोन नाही, ती त्याची ओसरी आहे. कितीतरी माणसं फोटोंचा फोल्डर कॉपी करतात, फोनचा बॅकअप घेतला म्हणतात, आणि ॲपमधलं सगळं आतच राहतं.

एडीबीमध्ये 'बॅकअप' नावाचीही आज्ञा आहे. २०११ च्या ॲन्ड्रॉइड ४ पासून ती आली आणि एके काळी ॲपच्या माजघरातलं सामान कॉम्प्युटरवर आणून द्यायची. मी ती चालवली. फोनवर परवानगी विचारली, दिली, काम झाल्याचा निरोप आला. फाइल बघितली तर एक केबीसुद्धा नाही. रिकामं गाठोडं. झालंय असं की २०२१ च्या ॲन्ड्रॉइड १२ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपचा डेटा ही आज्ञा उचलतच नाही, आणि त्याआधीही ॲप बनवणारा 'बॅकअप नको' असं लिहून ठेवू शकत होताच. मागे हेतू सुरक्षेचा आहे: कोणी तुमचा उघडा फोन पाच मिनिटं केबलला लावून सगळं घेऊन जाऊ नये. ते मला पटतं. पण निरोप 'झालं' असा येतो आणि हातात काही नसतं. त्यावर विसंबून मी फोन दुरुस्तीला दिला असता तर? म्हणून बॅकअपची फाइल तयार झाली की आधी तिचं वजन बघायचं.

फोन रूट करण्याचा, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घेऊन सगळी माजघरं उघडण्याचा, सल्लाही मिळाला. तो मी तिथेच बाजूला ठेवला, कारण बहुतेक फोनांवर त्यासाठी आधी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, कुलूप काढावं लागतं आणि ते काढताना फोन स्वतःला पूर्ण पुसून टाकतो. जे वाचवायचं तेच आधी जाणार.

मग एकच मार्ग उरला: माजघरात जायला मिळत नसेल तर घरच्या माणसाला सांगायचं, बाबा, तूच सामान ओसरीवर आणून दे. म्हणजे ॲप उघडून त्याच्या सेटिंगमध्ये 'एक्सपोर्ट' शोधायचं. मावशीच्या ॲपमध्ये ते होतं, तीन पानं आत, अगदी तळाला. दाबलं आणि डाउनलोडमध्ये दोन सीएसव्ही फायली, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फायली, उतरल्या, एक गिऱ्हाइकांची, एक ऑर्डरींची. हे ॲप आता प्ले स्टोअरवर मिळतच नाही. नव्या फोनवर ते येणार नव्हतं. त्या दोन फायलींखेरीज मावशीच्या हाती काही राहणार नव्हतं.

फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि मावशीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मराठीचं एकही अक्षर नाही. डोक्यावर मात्रा दिलेला रोमन ए, मग एक गोल चिन्ह, पुन्हा ए, मग येनचं चिन्ह, असं ओळीच्या ओळी. पण माझं हे रोजचं काम आहे, मला बघताक्षणी धीर आला. डेटा गेलेला नव्हता, एक्सेल तो चुकीच्या चष्म्याने वाचत होतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि पहिली बाइट सगळ्यांची सारखी. जुन्या पाश्चात्त्य कोडपेजमध्ये, म्हणजे कोणती बाइट कोणतं अक्षर ते सांगणाऱ्या तक्त्यात, तीच बाइट म्हणजे मात्रावाला ए. दीर्घ वेलांटीच्या तीन बाइटचं होतं ए, येन आणि यूरो. मी मावशीला बोट ठेवून दाखवलं: "हे बघ, जिथे जिथे शब्दाच्या शेवटी येन आणि यूरो आलंय, तिथे शेवटी दीर्घ ई आहे. ही तुझी चकली आहे. ही करंजी."

उपाय सोपा आहे, फक्त फाइलवर दोनदा टिचकी मारून ती उघडायची नाही. रिकामं एक्सेल उघडायचं, 'डेटा'मध्ये जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट'ने ती फाइल आणायची आणि एन्कोडिंगमध्ये ६५००१, युनिकोड यूटीएफ-८ निवडायचं. सगळी नावं जागच्या जागी आली. तिथेच आणखी एक करायचं: फोन नंबरचा रकाना 'टेक्स्ट' ठरवायचा. नाहीतर ९१ लावलेला बारा आकडी नंबर एक्सेल ९.१९ई+११ असा दाखवतं, आणि फाइल तशीच पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर खरे आकडे कायमचे जातात. मूळ सीएसव्ही मी वेगळी ठेवली आणि कामाला तिची प्रत घेतली.

बाकीचं भराभर झालं. संपर्क 'कॉन्टॅक्ट्स'मधून एका व्हीसीएफ फाइलमध्ये निघतात. ती नोटपॅडमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी ई-शून्य, ए-चार अशा जोड्यांच्या माळा दिसतात; त्याच तीन बाइटा, आकड्यांत लिहिलेल्या, घाबरायचं कारण नाही. एसएमएससाठी 'एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर' हे ॲप वापरलं, त्याची एक्सएमएल फाइल होते. बँकेची आणि यूपीआयची ॲपं मात्र कॉपी करायचीच नसतात. ती त्या फोनला आणि सिमला बांधलेली असतात. सिम नव्या फोनमध्ये घालून नव्यानेच नोंदणी करायची.

व्हॉट्सॲप शेवटी ठेवलं होतं. त्याचा गूगल खात्यावरचा बॅकअप चालू होता, पण शेवटची तारीख आठ महिन्यांपूर्वीची निघाली. २०२४ पासून ॲन्ड्रॉइडवर हा बॅकअप गूगलच्या फुकट १५ जीबीत मोजला जातो, आणि मावशीचे १५ जीबी फोटोंनीच भरलेले. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर ही तारीख आजच बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे. 'बॅकअप चालू आहे' आणि 'बॅकअप झाला' यांत आठ महिने जाऊ शकतात.

सुदैवाने व्हॉट्सॲप फोनमध्येही रोज रात्री दोनच्या सुमारास स्वतःची प्रत करतं आणि मागच्या काही दिवसांच्या प्रती ठेवतं, 'डेटाबेसेस' नावाच्या फोल्डरमध्ये. म्हणजे हे ॲप आपल्या माजघरातलं सामान आपणहून ओसरीवर आणून ठेवतं, फक्त कुलूपबंद पेटीत. ती पेटी कॉम्प्युटरवर उघडत नाही, त्याच नंबरच्या व्हॉट्सॲपमध्येच उघडते. सेटिंगमध्ये 'चॅट बॅकअप'मध्ये जाऊन हाताने ताजी प्रत करून घेतली आणि मग फोल्डर पुन्हा उतरवला. व्हॉट्सॲपमध्ये जुन्या फोनवरून नव्यावर थेट पाठवायचीही सोय आहे, पण मला कॉम्प्युटरवरची प्रत खरोखर चालते का ते बघायचं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी नवा फोन आला. व्हॉट्सॲप इन्स्टॉल केलं पण उघडलं नाही. आधी कॉम्प्युटरवरचा अख्खा फोल्डर नव्या फोनवर त्याच पत्त्यावर ठेवला, 'डेटाबेसेस' आणि 'मीडिया' दोन्ही जसंच्या तसं. सिम घातलं. मग व्हॉट्सॲप उघडून नंबर टाकला, परवानग्या दिल्या. पडद्यावर आलं: बॅकअप सापडला, रिस्टोअर करायचा? हा प्रश्न एकदाच विचारला जातो. इथे घाईने 'स्किप' दाबलं की ॲप काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मावशीने माझा हात धरला होता. निरोपांचा आकडा वाढत गेला आणि थांबला. यादी आली, ओळखीच्या नावांची, ओळखीच्या क्रमाने.

तिने काही न बोलता तिच्या बहिणीबरोबरचं, म्हणजे माझ्या आईबरोबरचं पान उघडलं आणि बरंच वर वर नेलं. भाजणीचं प्रमाण तिने आईला एकदा बोलून पाठवलं होतं. दाबलं. "चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक उडदाची..." पूर्ण ऐकलं, धण्या-जिऱ्यांपर्यंत. मग म्हणाली, "आता तो फोन दुरुस्तीला दिला तरी चालेल."

दिला नाही अजून. यूएसबी डिबगिंग बंद केलं, जुना फोन बंद करून तिच्या कपाटात ठेवला. कॉम्प्युटरवरचा फोल्डर माझ्या डिस्कवर एक आणि तिच्या मुलाकडे बंगलोरला एक असा दोन ठिकाणी आहे, नावात तारीख घालून. हिशेब आता साध्या शीटमध्ये आहे; दर अमावस्येला ती स्वतः त्याची प्रत काढते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकटीत बरोबरची खूण करते. दिवाळीची शेवटची बाकी वसूल झाली की जुना फोन रिसेट करून देऊन टाकू.